अर्धी डिग्री

"अगं दोन वर्षांची तर डिग्री आहे, बघता बघता होईल" असं मला पहिल्यांदा कोण म्हणालं ते आता आठवत नाही, पण जे कोणी म्हणालं त्यांना एकदा घरी बोलावून चहा पाजायचाय आणि मग कॅलेंडर दाखवायचंय. मी इथे न्यू जर्सीत कम्युनिटी कॉलेजचा (म्हणजे दोन वर्षांच्या डिग्र्या देणारं स्थानिक सरकारी कॉलेज) पहिला क्लास घेतला सप्टेंबर २०१८ ला आणि माझ्या कॉलरवर नर्सिंगची पिन लागली डिसेंबर २०२३ मध्ये. सव्वापाच वर्षं. तेवढ्यात मुलगी पाचवीतून दहावीत गेली, मधे एक अख्खी महामारी येऊन गेली, नवऱ्याने दोन नोकऱ्या बदलल्या आणि मी अडतीसची त्रेचाळीस झाले. कागदावर मात्र अजूनही ती दोन वर्षांचीच डिग्री आहे. असोसिएट डिग्री इन नर्सिंग, इथल्या भाषेत एडीएन.

भारतातल्या लोकांना समजावताना मी सोपं करून सांगते की आपल्याकडे कसं जीएनएम आणि बीएस्सी नर्सिंग असतं, तसं इथे एडीएन आणि बीएसएन. एडीएन दोन वर्षांचं, बीएसएन म्हणजे बॅचलर्स, चार वर्षांचं, दोन्हीनंतर परीक्षा एकच आणि लायसन्सही एकच, रजिस्टर्ड नर्स. हे ऐकून लोक लगेच विचारतात, मग चार वर्षांचं कोण करतं? याचं उत्तर मोठं आहे, त्यावर येतेच.

आधी कबुली देऊन टाकते, मला सेवेची ओढ वगैरे नव्हती. मी २००७ ला लग्न होऊन एच-फोरवर इथे आले, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाला चिकटून, शिकायची परवानगी पण काम करायची नाही. २०१५ मध्ये एच-फोरवाल्या काही बायकांना वर्क परमिट द्यायचा नियम आला तेव्हा कुठे मी एका छोट्या ऑफिसात हिशेब लिहायला लागले. मग २०१८ ला ग्रीन कार्ड आलं. तोपर्यंत आमच्या ओळखीतल्या तीन घरांमध्ये आयटीचा लेऑफ येऊन गेला होता, आणि व्हिसावर असताना लेऑफ म्हणजे काय ते ज्याच्या घरात झालंय त्यालाच कळतं, साठ दिवस मोजायचे, तेवढ्यात नवी नोकरी नाहीतर सामान बांधायचं. मला घरात एक असं लायसन्स हवं होतं जे कुठल्या कंपनीच्या मूडवर चालत नाही. आजारी माणसं मंदीत पण आजारी पडतात. एवढा साधा हिशेब, बीकॉमवालीचा.

हे मी मंडळाच्या गणपतीच्या जेवणात सांगितलं तेव्हा समोरच्या काकूंनी पहिल्यांदा ऐकलं "मेडिकल" आणि चेहरा उजळला, म्हणाल्या, "अगंबाई, डॉक्टर होणार?" मी म्हटलं नाही, नर्स. मग पुरीचा तुकडा तोडायला जेवढा वेळ लागतो तेवढी शांतता. मग, "हो का, पण इथे नर्सना पैसे चांगले असतात ना." आणि कॉलेज कुठलं म्हटल्यावर, कम्युनिटी कॉलेज. परत एक पुरी. आपल्या लोकांमध्ये कम्युनिटी कॉलेज म्हणजे ज्याचा मुलगा रटगर्ससारख्या विद्यापीठाला लागला नाही त्याने खालच्या आवाजात सांगायची गोष्ट. नर्स अधिक कम्युनिटी कॉलेज म्हणजे मी दोन्हीकडून घसरले होते. टेबलावरचे एक काका मदतीला आले आणि त्यांनी आनंदीबाई जोशी काढल्या. इथे कुठल्याही मराठी बाईने हॉस्पिटलच्या दिशेने पाऊल टाकलं की कोणीतरी आनंदीबाई काढतंच, आणि आमच्याकडे तर जास्तच, कारण १८८३ मध्ये त्या अमेरिकेत आल्या तेव्हा ज्या कार्पेंटरबाईंकडे राहिल्या ते रोझेल गाव आमच्या घरापासून गाडीने फार लांब नाही. काका कौतुकानेच बोलत होते. पण अठराव्या वर्षी समुद्र ओलांडून फिलाडेल्फियाला डॉक्टर व्हायला गेलेल्या मुलीशी, अडतिसाव्या वर्षी होंडा ओडिसी घेऊन संध्याकाळच्या केमिस्ट्रीच्या क्लासला जाणाऱ्या बाईची तुलना ऐकून मला श्रीखंड उतरेना.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे तू सिस्टर होणार होय?"

आम्ही मिरजेचे. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, कर्नाटकातून माणसं सकाळच्या गाडीने येतात, स्टेशनवर उतरून सरळ डॉक्टरांच्या दारात. याची सुरुवात जिथून झाली ते मिशन हॉस्पिटल, विल्यम वॉनलेस नावाच्या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ मध्ये सुरू केलेलं. त्यामुळे सिस्टर हा प्राणी आम्ही लहानपणापासून पाहिलेला, पांढरी साडी, खिशाला पेन, झपझप चालणं. नऊ वर्षांची असताना मी टायफॉइडने बारा दिवस अ‍ॅडमिट होते आणि माझं सगळं एका सिस्टरने केलं होतं, अगदी सगळं. घरी आल्यावर आजीने मला दारातच थांबवून डोक्यावरून पाणी घातलं. हॉस्पिटलचा विटाळ. त्यात आजाराचा किती आणि त्या सिस्टरच्या हाताचा किती हे तेव्हा मला कळलं नव्हतं, नंतर कळलं. आई काही बोलली नाही. तेव्हा तिचा "सिस्टर होणार होय?" हा प्रश्न साधा नव्हता.

आता दोन वर्षांची पाच कशी होतात ते. नर्सिंगचे प्रत्यक्ष सेमिस्टर चार, म्हणजे दोन वर्षं, हे खोटं नाही. पण त्या दारापर्यंत पोचायला प्रीरिक्विझिट्स, म्हणजे आधी पास व्हायचे विषय, अ‍ॅनाटॉमी-फिजिओलॉजी एक आणि दोन, मायक्रोबायोलॉजी, केमिस्ट्री, सायकॉलॉजी, स्टॅटिस्टिक्स, इंग्लिश कॉम्पोझिशन. माझी शिवाजी विद्यापीठाची बीकॉम इव्हॅल्युएट करून घेतली, त्यातून इंग्लिश आणि असले दोन-तीन सुटले. सायन्सचं काय सुटणार, सायन्स मी दहावीनंतर हातच लावलं नव्हतं. नोकरी आणि मुलगी सांभाळून सेमिस्टरला दोन विषय, झाली दोन वर्षं. मग टीज नावाची एन्ट्रन्स. मग रांग. मला नंबर लागायला अजून एक वर्ष गेलं. अर्ज करणारे ढीगभर असतात आणि जागा थोड्या, कारण हॉस्पिटलमध्ये एका इन्स्ट्रक्टरमागे आठ-दहाच विद्यार्थी नेता येतात, आणि शिकवायला मास्टर्स केलेली नर्स लागते जिला शिकवण्यापेक्षा हॉस्पिटलमध्येच जास्त पगार मिळतो. देशात नर्स कमी म्हणून बोंब आणि नर्स व्हायला रांग, दोन्ही एकाच वेळी.

पण अ‍ॅनाटॉमीवर माझं प्रेम बसलं हे सांगायला पाहिजे. मी मराठी मिडीयमची. माझ्या डोक्यात मायटोकॉन्ड्रिया नव्हता, तंतुकणिका होती. स्वादुपिंड, यकृत, प्लीहा, केशवाहिन्या. सुरुवातीला मी प्रत्येक शब्द दोनदा पाठ करत होते, आधी इंग्रजी मग मनातल्या मनात मराठी, आणि वाटायचं की इथे जन्मलेल्या मुलांच्या निम्म्या वेगाने चाललेय. मग एक दिवस लक्षात आलं की ही मुलंसुद्धा लॅटिनच पाठ करतायत, त्यांनाही त्यातलं काही कळत नाही. पॅटेला म्हणजे लॅटिनमध्ये छोटी ताटली. आपण काय म्हणतो? गुडघ्याची वाटी! मी लायब्ररीत एकटीच हसले. म्हणजे रोममधला कोणी वैद्य आणि आमच्या गल्लीत हाडं बसवणारा माणूस, दोघांनाही तिथे भांडंच दिसलं. कॉक्सिक्स मात्र ग्रीकमध्ये कोकिळेवरून आलाय म्हणे, तिच्या चोचीसारखं हाड म्हणून, आणि आपल्याकडे माकडहाड. इथे मला आपलं जास्त पटतं. शेपूट कुठे गेली ते तरी सांगतं.

प्रोग्राममध्ये शिरल्यावर पहिल्याच आठवड्यात प्रोफेसरबाईंनी एक स्लाइड दाखवली आणि तिथे मला आमच्या डिग्रीचा जन्म कळला. परीक्षेत त्यावर एक मार्काचा प्रश्न होता, बाकी सगळे पुढे गेले, मी मात्र तिथेच अडकले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत नर्सची भयंकर टंचाई होती. तोपर्यंत नर्स तयार व्हायची हॉस्पिटलच्या स्वतःच्या स्कूलमध्ये, तीन वर्षं तिथेच राहायचं, शिकायचं कमी आणि वॉर्डात फुकट राबायचं जास्त, आणि बहुतेक ठिकाणी लग्न झालेली बाई चालायची नाही. कोलंबिया युनिव्हर्सिटीच्या टीचर्स कॉलेजमध्ये मिल्ड्रेड माँटॅग नावाच्या बाईने प्रबंध लिहिला, तो १९५१ मध्ये छापला गेला, त्यात तिने म्हटलं की एक मधली नर्स तयार करूया. प्रॅक्टिकल नर्सच्या वरची आणि चार वर्षं शिकलेल्या प्रोफेशनल नर्सच्या खालची, नर्सिंग टेक्निशियन. हॉस्पिटलमध्ये न डांबता कम्युनिटी कॉलेजात शिकवूया, दोन वर्षांत. १९५२ मध्ये प्रयोग सुरू झाला, सात कॉलेजं, पाच वर्षं. आणि आल्या कोण शिकायला? लग्न झालेल्या बायका, पोरंबाळं असलेल्या, वयाने मोठ्या, शिवाय पुरुष. म्हणजे हॉस्पिटलच्या स्कूलचं दार ज्यांना बंद होतं ते सगळे.

पण गंमत पुढे आहे. या मुलींना परीक्षेला बसवलं ते रजिस्टर्ड नर्सच्याच, वेगळी टेक्निशियनची परीक्षा काढलीच नाही, आणि त्या पास झाल्या. झालं! जी मधली म्हणून काढली होती ती पूर्ण झाली. तेव्हापासून आजपर्यंत या देशातल्या नर्सिंगवाल्यांना हे नीट पचलेलं नाही. १९६५ मध्येच अमेरिकन नर्सेस असोसिएशनने जाहीर केलं की प्रोफेशनल नर्सिंगसाठी कमीत कमी चार वर्षांची डिग्री हवी. तो वाद अजून चालूच आहे. मी ते वाचलं तेव्हा मला ती गणपतीची पुरी आठवली. म्हणजे काकू एकट्या नव्हत्या.

स्किल्स लॅब ही माझ्यासाठी फार विचित्र जागा होती. रबराची माणसं, प्रत्येकाला नाव, प्रत्येकाच्या दंडाला आमच्या आधीच्या दहा बॅचेसनी टोचून टोचून चाळण केलेली. तिथे आम्हाला कॅथेटर घालायला शिकवलं, त्यासाठी स्टराइल फील्ड मांडायचं, म्हणजे निर्जंतुक कापड पसरून त्यावर सामान. प्रोफेसर नियम सांगत होत्या. कापडाची कडेची एक इंच पट्टी निर्जंतुक समजायची नाही, ती अशुद्ध. हात कमरेच्या खाली गेला, बाद. फील्डकडे पाठ केली, बाद. शंका आली, बाद, परत पहिल्यापासून. सगळी पोरं कपाळाला हात लावून बसली होती आणि मला ते सगळं आधीपासून येत होतं कारण हे आजीचं सोवळं होतं! तीच ती नजर, तेच ते अंग चोरून चालणं, तेच "शिवलीस का?" फरक एक, आजी ओलेत्याने स्वयंपाक करायची आणि इथे कापडाला पाण्याचा थेंब लागला की ते बाद, ओलीतून जंतू चढतात. मी पहिल्या फटक्यात चेक-ऑफ, म्हणजे प्रात्यक्षिक, पास झाले, वर्गात आम्ही तिघीच. घरी येताना गाडीत मात्र रडायला आलं, कारण आजीच्या सोवळ्यात माणसं बाद व्हायची. इथे फक्त हातमोजा बाद होतो, नवा घालायचा.

औषधांच्या हिशेबाला सगळे घाबरतात, त्या परीक्षेत आमच्याकडे नव्वद टक्के लागायचे. बीकॉमवालीला ते त्रैराशिक. ऑर्डर ०.२५ मिलिग्रॅमची, गोळी १२५ मायक्रोग्रॅमची, किती गोळ्या? दोन. फक्त एक सवय मोडावी लागली, हिशेबाच्या वह्यांमध्ये मी आयुष्यभर ५.०० असं लिहीत आले आणि इथे पूर्णांकापुढे शून्य लिहिणं म्हणजे गुन्हा, टिंब दिसलं नाही तर ५ चे ५०० होतात आणि माणूस जातो. उलट टिंबाच्या आधीचं शून्य सोडायचं नाही. हे मला फार आवडलं होतं, शून्य डावीकडे हवं, उजवीकडे नको.

वर्गात आम्ही सुरुवातीला अडतीस होतो. एकोणीस वर्षांच्या पोरी होत्या, एक बावन्न वर्षांचा माणूस होता ज्याचं वेअरहाऊस बंद पडलं होतं, एक अ‍ॅम्ब्युलन्सवर काम करणारा मुलगा, दोन नायजेरियन बहिणी आणि एक हैतीची बाई जी बारा वर्षं नर्सिंग होममध्ये (इथे म्हणजे म्हाताऱ्या माणसांची सोय) एड, म्हणजे मदतनीस होती. ती रात्रपाळी करून सकाळच्या लेक्चरला यायची आणि मागच्या बाकावर बसून उकडलेली अंडी खायची. तिची लेखी परीक्षा काठावर, पण तिने एखाद्या म्हाताऱ्या माणसाला कुशीवर वळवताना पाहिलं की कळायचं आपण किती अडाणी आहोत. मी पहिल्यांदा खऱ्या माणसाला अंघोळ घातली ती तिच्याबरोबर. डोळे आधी, आतल्या कोपऱ्यातून बाहेर, प्रत्येक डोळ्याला कापडाचं वेगळं टोक, मग तोंड, हात, असं स्वच्छ भागाकडून मळक्या भागाकडे, हे मला पुस्तकातून पाठ होतं. ती फक्त म्हणाली, आधी पाण्यात स्वतःचं मनगट घाल, आणि जेवढा भाग धुतेस तेवढाच उघडा ठेव. ते झाल्यावर त्या आजींनी डोळे मिटूनच हुश्श केलं. मला मिरजेची सिस्टर आठवली. तिचं नाव आठवेना. बारा दिवस तिने माझं सगळं केलं आणि मला तिचं नावही माहीत नव्हतं, सिस्टर म्हणजे सिस्टर.

केअर प्लॅनबद्दल फार लिहीत नाही, ज्यांनी लिहिलेत त्यांना कळेल. पेशंटला न्यूमोनिया झालाय असं लिहायचं नाही, ते डॉक्टरचं निदान. आपण लिहायचं की वायूंच्या देवाणघेवाणीत अडथळा, अमुकमुळे, तमुक लक्षणांवरून. असं रात्री दोनपर्यंत बसून चौदा पानं लिहायची आणि सकाळी पावणेसातला हॉस्पिटलमध्ये पोचलं की कळायचं पेशंट काल रात्रीच घरी गेला.

मग तिसऱ्या सेमिस्टरला मी नापास झाले. मेड-सर्ज म्हणजे मेडिकल-सर्जिकल नर्सिंग, त्यात पासिंग ७८ आणि माझे ७७.४. आमच्याकडे राऊंडिंग नाही, ७७.९९ सुद्धा नापासच. आयुष्यात पहिल्यांदा नापास, एक्केचाळिसाव्या वर्षी. नवऱ्याला सांगितलं तो म्हणाला ठीक आहे परत दे, मुलगी म्हणाली मॉम इट्स ओके, आणि आईला मी सांगितलंच नाही, अजूनही नाही, हा लेख कोणी तिला वाचून दाखवला तर तेवढंच. प्रोफेसरने पेपर दाखवायला बोलावलं. सगळ्या चुका एकाच जातीच्या होत्या. आपल्याला परीक्षा म्हणजे माहीत असलेलं ओकायची सवय, गाईड पाठ, अपेक्षित प्रश्न पाठ. इथे चार पर्याय असतात आणि बऱ्याचदा चारही बरोबर असतात, त्यातलं आधी काय करशील ते विचारतात. आणि मी दर वेळी काय निवडलं होतं? डॉक्टरांना कळवा. पेशंटला दम लागतोय, डॉक्टरांना कळवा. ड्रेसिंगवर रक्त दिसतंय, डॉक्टरांना कळवा. प्रोफेसर म्हणाल्या, तू त्या खोलीत उभी आहेस, तुझे डोळे आहेत, हात आहेत, बेड वर कर, ऑक्सिजन बघ, आधी पेशंटला नीट बघ तरी, मग फोन कर. डॉक्टरला फोनवर काय सांगणार आहेस, की काहीतरी होतंय?

एकदा नापास चालतं, दुसऱ्यांदा प्रोग्राममधून बाहेर. म्हणून ते सेमिस्टर मी परत केलं ते जीव मुठीत धरूनच. जुनी बॅच पुढे गेली, नवीन पोरींमध्ये मी एकटी, जेवणाच्या सुट्टीत गाडीत बसून डबा खायचे.

त्याच सेमिस्टरला एक प्रसंग घडला, ओळख पटू नये म्हणून तपशील इकडेतिकडे केलेत. माझ्याकडे एक वयस्कर पेशंट, हृदयाचे, सकाळी डिगॉक्सिनची गोळी द्यायची. मला लोकांना पहिला प्रश्न विचारायची सवय ती आपलीच, जेवलात का. इंग्रजीत जरा विचित्र वाटतं पण मी विचारतेच. ते म्हणाले नको, अन्न बघवत नाही, कालही नाही खाल्लं. ट्रे तसाच पडलेला. मला वाटलं हॉस्पिटलचं अंडं, कोणाला बघवेल. मग गोळी देण्याआधी नियमाप्रमाणे स्टेथोस्कोप छातीवर ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजले. ५४. डिगॉक्सिन ठोके मंद करतं, म्हणून साठच्या खाली असतील तर द्यायचं नाही, हे मला झोपेत विचारलं तरी सांगता येईल. तरी माझा हात गोळीच्या पाकिटावर होता. ऑर्डर डॉक्टरांची, मी कोण? मिरजेत वाढलेल्या मुलीच्या डोक्यात डॉक्टर म्हणजे साहेब, त्यांनी लिहिलं म्हणजे लिहिलं. परत एक मिनिट मोजले. ५२.

आणि तेव्हा ती दोन टोकं जुळली, अन्नावरची वासना जाणं, मळमळणं, हे त्या औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढल्याचंही लक्षण असतं. इन्स्ट्रक्टर दारात उभ्या होत्या, काही बोलत नव्हत्या. मी म्हटलं, मी ही गोळी देणार नाही. त्या म्हणाल्या, आणि? मी म्हटलं, डिगॉक्सिनची लेव्हल आणि पोटॅशियम बघायला हवं, पोटॅशियम कमी असेल तर हे औषध जास्त त्रास देतं. मग त्यांनी मला पेशंटच्या नर्सला रिपोर्ट द्यायला लावला, एसबीएआर पद्धतीने, म्हणजे आत्ता काय चाललंय, मागचं काय, मला काय दिसतंय, काय करायला हवं असं वाटतं. ही पद्धत मुळात अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांवरून आलीय. मराठी माणसाला ती महाकठीण, कारण आपण "काय झालं ना, म्हणजे सकाळी मी आले तेव्हा" असं सुरू करतो. आणि शेवटचा भाग, काय करायला हवं, तो तर माझ्या तोंडातून निघेना. तो डॉक्टरांना आपण सांगायचा? त्या नर्सने फोन स्पीकरवर लावला. पलीकडून डॉक्टर म्हणाले, थँक यू, गोळी होल्ड करा, लेव्हल पाठवा. सोळा सेकंदांचा फोन. साहेब चिडले नाहीत. ती नर्स, नंतर कळलं, आमच्याच कॉलेजची, एडीएन, २६ वर्षांपूर्वीची.

शेवटची परीक्षा एनक्लेक्स, लायसन्सची. ती एप्रिल २०२३ पासून बदललीय, आता पूर्ण केस देतात आणि त्यावर प्रश्न विचारत जातात. कॉम्प्युटर तुमच्या उत्तराप्रमाणे पुढचा प्रश्न अवघड-सोपा करतो, कमीत कमी ८५, जास्तीत जास्त १५०, आणि त्याची खात्री पटली की मधेच स्क्रीन बंद, पास का नापास ते सांगत नाही. माझी स्क्रीन ८५ ला बंद झाली. एक तर खूप चांगलं किंवा खूप वाईट. मी पार्किंगमध्ये चाळीस मिनिटं बसून होते, गाडी पण सुरू केली नव्हती, फेब्रुवारीतली थंडी. दोन दिवसांनी रिझल्ट, पास. मग राज्याच्या वेबसाइटवर माझं नाव टाकलं की लायसन्स नंबर दिसायला लागला, तो मी नवऱ्याला दाखवला, मुलीला दाखवला, आणि आईला व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट पाठवला. तिने अंगठा पाठवला. अर्ध्या तासाने फोन आला, म्हणाली, "तुझ्या टायफॉइडच्या वेळच्या सिस्टर होत्या ना, त्यांना मी तेव्हा आजीच्या नकळत चोळीचा खण दिला होता. सांगायचं राहून गेलं." तेहतीस-चौतीस वर्षांनी सांगत होती. मी नाव विचारलं. तिला माहीत होतं.

आता नोकरी आहे, मेड-सर्ज फ्लोअर, आठवड्याला बारा तासांच्या तीन पाळ्या. माझ्या बाजूला चार वर्षांची डिग्री घेऊन आलेली बावीस वर्षांची मुलगी आहे, काम तेच आणि जबाबदारी तीच, रात्री तीनला घाबरतोही दोघी सारख्याच. पण जाहिरातीत लिहिलेलं असतं बीएसएन प्रिफर्ड, आणि मला घेताना सही करून घेतली की पाच वर्षांत बीएसएन करेन. नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये तर २०१७ ला कायदाच झालाय, नव्या नर्सने दहा वर्षांत बीएसएन करायचं. मला आधी याचा राग यायचा. मग लिंडा एकन यांचा २००३ चा अभ्यास वाचला, पेनसिल्व्हेनियातल्या हॉस्पिटल्सचा. जिथे बॅचलर्स केलेल्या नर्सचं प्रमाण जास्त, तिथे ऑपरेशन झालेले पेशंट दगावायचं प्रमाण कमी निघालं. हे उडवून लावता येत नाही, मी प्रयत्न करून पाहिला. त्या हैतीच्या बाईचे हात त्या आकड्यात कुठे बसतात ते मात्र मला अजून कळलेलं नाही. (ती पण पास झाली, दुसऱ्या फटक्यात. आता तिच्याच जुन्या नर्सिंग होममध्ये चार्ज नर्स आहे.)

तर गेल्या महिन्यापासून मी ऑनलाइन बीएसएनला नाव घातलंय. गणपतीत काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, "अजून शिकतेच आहेस? दोन वर्षांचं होतं ना?" या आठवड्याच्या डिस्कशन पोस्टचा विषय आहे, नर्सिंगमध्ये प्रवेशासाठी किमान पात्रता काय असावी. तीनशे शब्द, तीन संदर्भ, वर दोन वर्गमित्रांना उत्तरं. मी माँटॅगबाईंपासून सुरुवात केली होती पण हे इथे मराठीतच लिहीत बसले, तिकडे अजून एक ओळ झालेली नाही आणि मुदत आज रात्री ११:५९ ची आहे, उद्या सकाळी सातला पाळी.